इतिवृत्ताच्या वहीत काय लिहावे?

प्रश्न : मी डोंबिवलीतील छत्तीस सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेचा गेली सहा वर्षे सचिव आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. याच इमारतीत पाचव्या मजल्यावर त्यांची दुसरी सदनिका आहे आणि तिच्या भाड्यावरच त्यांचा महिना निघतो. गेल्या महिन्यात त्यांनी ती सदनिका एका मुस्लिम कुटुंबाला द्यायचे ठरवले. नवरा-बायको आणि पाच वर्षांची मुलगी, मूळचे लातूरकडचे. बाई इथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत. काकूंनी कागदपत्रे माझ्याकडे दिली, ती मी नेहमीप्रमाणे अध्यक्षांना पाठवली, आणि त्यांनी त्या कुटुंबाची आधार कार्डे संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून सभासदांचे मत मागितले. पुढचे दोन दिवस ग्रुपवर जे लिहिले गेले ते मी इथे उतरवत नाही. आता पुढच्या रविवारच्या कमिटीच्या सभेत मी असा ठराव लिहून आणावा, असे मला सांगण्यात आले आहे : ‘संस्थेचे सांस्कृतिक वातावरण अबाधित राखण्याच्या दृष्टीने, विशिष्ट समाजातील तसेच मांसाहारी व्यक्तींना सदनिका भाड्याने देण्यापूर्वी कमिटीची लेखी संमती घेणे बंधनकारक राहील.’ मला हे पटत नाही. पण ही माणसे माझी बावीस वर्षांची शेजारी आहेत. वडील गेले तेव्हा रात्री दोन वाजता हेच लोक धावून आले होते. हा ठराव मी लिहावा का? की राजीनामा देऊन मोकळे व्हावे? आणि विरोध केला तर उद्या गणपतीत याच लोकांच्या मांडीला मांडी लावून कसा बसू?
— एक सचिव

उत्तर : सप्रेम नमस्कार. छापील उत्तर रविवारच्या आधी तुमच्या हाती पडणार नाही, म्हणून त्यातला व्यवहाराचा भाग मी तुम्हाला आधीच टपालाने कळवला आहे. इथे तो पुन्हा सविस्तर लिहिते, कारण असाच ठराव लिहून आणण्याचे काम या घडीला आणखी कितीतरी सचिवांकडे आलेले असणार.

सर्वांत आधी ती आधार कार्डे. ठरावाला रविवारपर्यंत अवकाश आहे, या गोष्टीला नाही. अध्यक्षांना आजच फोन करून ती छायाचित्रे ग्रुपवरून सर्वांसाठी काढून टाकायला सांगा, आणि ज्यांनी ती आपल्या फोनमध्ये उतरवून घेतली असतील त्यांनाही पुसून टाकण्याची विनंती करा. कुणाचाही आधार क्रमांक सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध करण्यास २०१६च्या आधार कायद्यात मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी एका परिचारिकेचा पत्ता, जन्मतारीख आणि चेहरा छत्तीस घरांच्या फोनमध्ये फिरतो आहे, आणि तिने तो दिला होता केवळ भाडेकरार करण्यासाठी. ही कागदपत्रे तुमच्या विश्वासावर तुमच्या हाती आली होती, म्हणून हा फोन तुम्हीच करायला हवा. यापुढे भाडेकरूंकडून आधारची प्रत घ्यायचीच असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत मागा. ती आधारच्या संकेतस्थळावरून सहज मिळते.

आता ठरावाकडे वळू. तुम्ही पाठवलेले त्याचे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. ‘सांस्कृतिक वातावरण’ आणि ‘विशिष्ट समाज’ हे दोन शब्दप्रयोग ज्याने कुणी योजले, त्याला नेमके काय म्हणायचे आहे हे पुरते ठाऊक आहे आणि ते कागदावर उघड लिहिणे बरे दिसणार नाही, हेही ठाऊक आहे. ‘मांसाहारी’ हा शब्द त्याच आडोशासाठी आला आहे. तुम्हीच पत्रात पुढे कळवले आहे की तुमच्या इमारतीत बुधवारी आणि शुक्रवारी जिन्यात मासळीचा वास येतो, रविवारी मटण शिजते, आणि त्यावरून आजवर एकही तक्रार झालेली नाही. म्हणजे ताटात काय वाढले आहे यावर कुणाचाच आक्षेप नाही, ताटावर कोण बसले आहे यावर आहे. सभेत हा मुद्दा शांतपणे आणि कुणाचे नाव न घेता जरूर मांडा. माणसाला आपल्याच घरातल्या रविवारची आठवण झाली, की तो बऱ्याचदा आवाज खाली आणतो.

नियमांचे म्हणाल तर संस्थेला असा अधिकारच नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमावलीनुसार, सभासदाला आपली सदनिका भाड्याने, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर, देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. त्याने आठ दिवस आधी लेखी कळवायचे असते आणि सोबत कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची असते. तुमच्या संस्थेने कोणत्या वर्षाचे उपविधी स्वीकारले आहेत ते कपाटातली नोंदणीकृत प्रत काढून एकदा तपासा, आणि ते पान सभेत हाताशी ठेवा. करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, हे बंधन महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५ने घातलेले आहे आणि ते पाळण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, तेव्हा काकूंना तेवढी आठवण अवश्य द्या. संस्थेला त्यांच्याकडून घेता येईल ते सभासद स्वतः सदनिकेत राहत नसल्याबद्दलचे बिनभोगवटा शुल्क, ज्याला आपण सगळे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतो. त्यालाही २००१च्या शासन आदेशाने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे आणि त्या हिशेबात महापालिकेचे कर धरता येत नाहीत. भाडेकरूच्या बाबतीत संस्थेची भूमिका साधारण एवढीच असते : कळवलेले नोंदवून घेणे, शुल्क घेणे, आणि इमारतीचे नियम सर्वांना सारखे लावणे.

कुणी म्हणेल, कमिटीला अधिकार नसेल तर सर्वसाधारण सभेत मंजूर करून घेऊ. त्याचाही उपयोग नाही. उपविधींच्या विरुद्ध जाणारा ठराव एकमताने झाला तरी त्याला बळ येत नाही, आणि उपविधी बदलायचे तर सभेला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सभासदांची संमती लागते आणि त्यानंतर सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे दुरुस्तीची नोंदणी व्हावी लागते. ती होईपर्यंत जुना नियमच चालू राहतो.

तुमच्या अध्यक्षांनी किंवा त्यांच्या ओळखीच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार घेतला तर तुम्ही गोंधळून जाऊ नये, म्हणून तो आधीच सांगून ठेवते. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात २००५ साली न्यायालयाने असे मानले, की सभासदत्व पारशी समाजापुरते ठेवणारा त्या संस्थेचा उपविधी संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याच्या मर्यादेत बसतो आणि तो रद्द ठरत नाही. तो निकाल आजही वाद घालताना पुढे केला जातो. परंतु तिथे प्रश्न सभासदत्वाचा होता, आणि त्या संस्थेचे नोंदणीकृत उपविधीच तसे होते. तुमची संस्था कुणा एका समाजासाठी स्थापन झालेली नाही, तुमच्या उपविधींत तसा शब्दही नाही, आणि इथे सभासद होण्याचा मुद्दाच नसून काकू आधीपासून सभासद आहेत आणि त्या आपल्याच मालकीची सदनिका भाड्याने देत आहेत. तेव्हा त्या निकालातून तुमच्या कमिटीला हवे ते निघत नाही. माझे वैयक्तिक मत विचाराल तर तो निकाल मला कधीच पुरता पटलेला नाही. मुंबईतील सहकारी गृहनिर्माणाची सुरुवातच गावदेवीच्या सारस्वत सोसायटीने १९१५च्या सुमारास, म्हणजे एका ज्ञातीच्या आधाराने झाली, आणि परक्या शहरात आलेल्या माणसांनी एकमेकांना हात देऊन छप्पर उभे केले, यात मला काही गैर दिसत नाही. आधार म्हणून बांधलेली भिंत पुढे अडसर होते, तेव्हा मात्र तिचे समर्थन त्याच जुन्या कारणाने करता येत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवत नाही. काकूंनीच त्या कुटुंबाला धर्माच्या कारणावरून नाही म्हटले असते, तर आपल्या देशात त्यावर बोट ठेवील असा सरसकट कायदा नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५चा पहिला भाग राज्यसंस्थेला बांधतो. दुसरा भाग सामान्य नागरिकांनाही लागू होतो, पण त्यातल्या यादीत दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आहेत. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जे मागितले गेले होते ते त्या यादीत जसेच्या तसे उतरले आहे, राहत्या घराचे दार मात्र तिच्यात आलेले नाही. अनुसूचित जातीच्या माणसाला अस्पृश्यतेच्या कारणावरून राहायला जागा नाकारली तर १९५५चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. धर्माच्या बाबतीत तेवढे थेट संरक्षण नाही. म्हणूनच काकूंनी ‘हो’ म्हटले आहे याचे मोल फार मोठे आहे, आणि संस्थेने मध्ये पडून ते मोडू नये यासाठी तुमच्यासारख्याने उभे राहणे तितकेच महत्त्वाचे आहे.

घर नाकारले जाणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर आले त्यालाच कळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातले शिक्षण घेऊन बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांच्याजवळ पदवी होती, हुद्दा होता, पगार ठरलेला होता, आणि शहरात डोके टेकायला जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत खोटे नाव सांगून मिळवलेल्या खोलीतून अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राने आपापल्या अडचणी पुढे केल्या, आणि रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. बागेत बसायला त्यांना कुणाची परवानगी लागली नाही, पण शहराने त्यांच्यासाठी तेवढीच जागा सोडली होती. मी हे उदाहरण देते आहे ते तुमच्या शेजाऱ्यांची त्या जमावाशी तुलना करण्यासाठी नाही. लातूरहून आलेल्या त्या परिचारिकेला रुग्णालयात नोकरी आहे, पगार आहे, रात्रपाळीत ती कुणाचाही धर्म न विचारता सलाइन लावते, आणि पाळी संपल्यावर तिला घर कुठे मिळणार याचे उत्तर तुमच्या रविवारच्या सभेवर अवलंबून आहे, एवढेच मला तुमच्या डोळ्यांसमोर आणायचे आहे.

याचा एक लहानसा अनुभव मलाही आहे. १९९६ साली बदली होऊन मी एका शहरात घर शोधत होते. दार उघडणाऱ्या बाईंचा पहिला प्रश्न भाडे किती परवडेल हा नव्हता, आडनाव काय हा होता. आमचे आडनाव तीन-चार समाजांत सापडते, म्हणून लगेच दुसरा प्रश्न आला, ‘म्हणजे मूळचे कुठले?’ मी खरे ते सांगितले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की भाचा येणार आहे, जागा द्यायची नाही. त्या घराच्या खिडकीत ‘जागा भाड्याने देणे आहे’ ही पुठ्ठ्याची पाटी त्यानंतर तीन महिने तशीच होती, आणि कामावर जाताना रोज ती मला दिसायची. त्या बाई माझ्याशी एक शब्दही वावगा बोलल्या नव्हत्या, हे मी आजही विसरलेले नाही. तुमचा ठरावही तितकाच सभ्य भाषेत लिहिलेला आहे.

आता तुमच्या लेखणीविषयी, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. सचिव म्हणून इतिवृत्त लिहिणे हे तुमचे कर्तव्य आहे, पण पटत नसलेला ठराव स्वतः रचून आणणे हे कर्तव्य नाही. ज्यांना तो हवा आहे त्यांनी तो सभेत स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या नावाने मांडावा, दुसऱ्याने अनुमोदन द्यावे, आणि तुम्ही सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोधात कोण, हे जसे घडले तसे वहीत लिहावे. त्यात कुणाची भीड धरू नका आणि कुणावर राग काढू नका. माझा अनुभव असा आहे, की ‘सूचक म्हणून कुणाचे नाव लिहू?’ हा साधा प्रश्न सचिवाने पेन उघडून विचारला की अर्धे ठराव तिथेच थांबतात. ग्रुपवर लिहिणे वेगळे आणि पाने क्रमांकित असलेल्या वहीत नावानिशी उतरणे वेगळे.

तरीही ठराव मांडला गेला, तर तुमचा विरोध त्याच इतिवृत्तात नोंदवा. कमिटीच्या निर्णयांची जबाबदारी सर्व सदस्यांवर एकत्रितपणे आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणे येते. ज्याने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवला आहे त्याच्यावर मात्र त्या निर्णयाची जबाबदारी येत नाही, आणि त्याची इच्छा असल्यास तो आपले विरोधी टिपण सात दिवसांच्या आत निबंधकाकडे लेखी पाठवू शकतो, अशी तरतूद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात आहे. टिपण लांबलचक नको. ‘सदर ठराव संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींशी विसंगत असून सभासदाच्या हक्कावर धर्माच्या कारणाने मर्यादा आणणारा आहे, म्हणून माझा त्यास विरोध आहे’, एवढे एक वाक्य पुरे. खाली सही आणि तारीख. त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. ही तरतूद सभेत आधीच वाचून दाखवा, कारण कुंपणावर बसलेल्या दोघा-तिघांना आपले नाव कोणत्या बाजूला लागणार याचा विचार करायला त्यामुळे वेळ मिळेल. मनातून तुमच्यासारखेच असलेले पण बोलायला धजत नसलेले लोक प्रत्येक कमिटीत असतात.

म्हणूनच राजीनामा देऊ नका. तुम्ही गेलात तर ती वही ज्याच्या हाती जाईल तो ठराव लिहीलही आणि विरोधाची ओळ गाळीलही, आणि काकूंना उद्या सहकार न्यायालयात किंवा उपनिबंधकांकडे दाद मागायची वेळ आली तर तिथे न्यायला खरे इतिवृत्त उरणार नाही. काकूंनाही हे सांगून ठेवा, की ठराव झाला तरी त्यांचा नोंदणीकृत करार त्याने रद्द होत नाही, आणि भाडेकरूला गेटवर अडवण्याचा किंवा त्याचे पाणी बंद करण्याचा अधिकार कुणालाही नाही. तसे कुणी केले तर सरळ पोलिसांत जावे. त्या एकट्या आहेत, सत्तरीकडे झुकल्या आहेत. ‘काकू, तुमची सूचना मी नोंदवून घेतली आहे, ही पोच’ असे म्हणून तुम्ही एक शिक्का मारलेला कागद त्यांच्या हाती दिलात, तर त्यांना केवढा धीर येईल.

शेजाऱ्यांच्या काळज्या सगळ्याच खोट्या आहेत, असे मी म्हणणार नाही. मागे एका सदनिकेत पाच मुले राहायला होती आणि रात्री गोंधळ घालायची, असे तुम्ही लिहिले आहे. ती तक्रार खरी होती आणि तिचे उत्तरही इमारतीच्या नियमांत आहे : रात्रीचा आवाज, कचरा, पार्किंग, जिन्यातल्या चपला. हे नियम लेखी करा, सभासद आणि भाडेकरू सर्वांना एकच कागद द्या आणि मोडणाऱ्याला, मग तो कुणीही असो, एकाच भाषेत पत्र पाठवा. एक चूक मात्र टाळा, जी चांगल्या मनाची माणसे हमखास करतात. ‘आपण त्यांना चहाला बोलवू, सगळ्यांशी ओळख होऊ दे, म्हणजे लोकांचे समाधान होईल’ असे कुणी सुचवले तर नम्रपणे नको म्हणा. इमारतीतल्या इतर पस्तीस घरांनी राहायला येण्याआधी अशी परीक्षा दिलेली नाही. तीन माणसांना खुर्चीत बसवून आपण चांगले आहोत हे सिद्ध करायला लावणे, हाही अपमानच आहे. ओळख व्हायची ती लिफ्टमध्ये, पाणी गेल्यावर, मुलगी खाली खेळायला आली की होईल.

शेवटी गणपती. तुमच्या पत्रात या ओळीखाली शाई पसरली आहे, म्हणून मला वाटते की तुम्हाला सर्वांत जास्त हेच टोचते आहे. रात्री दोन वाजता धावून आलेल्या माणसांचे उपकार विसरा असे मी सांगणार नाही, आणि ती माणसे मुळात वाईट आहेत असेही मला वाटत नाही. पण त्यांनी तुमच्यासाठी जे केले ते शेजारधर्म म्हणून केले, आणि त्याची परतफेड एका विधवेचे भाडे बुडवून करायला त्यांच्यापैकी कुणी, शांत असताना, सांगणार नाही. विरोध नोंदवल्यानंतर काही दिवस बोलणे कमी होईल. तुमच्याकडून ते कमी होऊ देऊ नका. ज्यांनी ठराव मांडला त्यांच्या घरचे लग्न असेल तर आधी पोहोचा, कुणी आजारी असेल तर डबा घेऊन जा, आणि ठरावाचा विषय तुम्ही होऊन काढू नका. गणपतीच्या वर्गणीला नेहमीप्रमाणे पावतीपुस्तक घेऊन पहिल्या मजल्यापासून निघा. पाचव्या मजल्यावर पोहोचाल तेव्हा काकूंच्या त्या सदनिकेची घंटा वगळू नका. देतील ती वर्गणी घ्या, पावतीवर त्यांचे नाव नीट विचारून लिहा, आणि नाही म्हणाले तर बरे म्हणून पुढच्या दाराकडे वळा.